बसलेल्या पक्ष्याचा दुस्वास

बसलेला पक्षी दिसला की शिर्केसर तोंड फिरवतात. "ह्यात काय टिपायचं? पासपोर्ट फोटो तो!" तारेवरचा खंड्या हौसेने टिपून आणलेल्या कितीतरी जणांचा सरांनी असा पाणउतारा केलाय.

सर महाडच्या हायस्कुलात चित्रकला शिकवायचे. निवृत्तीनंतर मुलांच्या चित्रांवर फुल्या मारणारा हात शिवशिवू लागला, म्हणून कॅमेरा घेतला आणि आम्हाला शिष्य केलं. दर रविवारी सावित्री नदीच्या काठी वर्ग. बाकीचे शिष्य हुशार, महिन्याभरात गळले. माझं घर सरांच्या समोरच, त्यामुळे मला पळायला वाट नव्हती.

"घारीच्या नादाला लागू नको. नवशिक्याने बगळा धरावा. संथ उडतो, तुझ्या डोक्याला झेपेल."

बगळाही झेपेना, तेव्हा मला डेपोसमोर उभं करून येणाऱ्या-जाणाऱ्या एसट्यांवर सराव करायला लावला. "कमरेतून फिर रे! कोंबडीसारखी मान काय वळवतोस? शटर जलद ठेव, नायतर पंखाचं धुकं होतं. आणि चोचीपुढे जागा सोड, त्याला पुढे जायचं हाय!" चिडले की सरांच्या तोंडी पोलादपूरकडची बोली येते. शेवटी एका कंडक्टरने विचारलंच, "काय ओ, गाडीला चोच कुठं हाय?"

आणि सरांचे स्वतःचे फोटो? कोपऱ्यात पंखाचं एक टोक, बाकी सगळं निळं. विचारलं तर म्हणतात, "हे पक्षी गेल्यानंतरचं आकाश आहे. तुला नाही कळायचं."

गेल्या हिवाळ्यात आम्ही आंबेनळी घाटात गेलो होतो. वारा पाठीशी घेऊन कठड्याजवळ उभे होतो. एकाएकी दरीतून एक ससाणा वर आला, सरळ आमच्या दिशेने. मी कमरेतून फिरलो आणि बटण दाबून धरलं. फोटो पाहिला तर डोळा लख्ख, पंख पूर्ण पसरलेले, पुढे मोकळी जागा.

सर बराच वेळ बघत राहिले. शिव्यांची तयारी ठेवून मी उभा.

"चांगला आलाय," ते म्हणाले आणि बॅग आवरू लागले.

परतीच्या वाटेवर पोलादपूरला चहाला थांबलो. सरांनी कपाला हात लावला नाही.

"आता शिकवायचं काय राहिलं तुला? सुटलास. रविवारी झोप काढ."

हे ऐकायला मी किती रविवार तळमळलो होतो! पण सरांकडे बघितलं आणि आनंद काही होईना. बाई, म्हणजे सरांच्या पत्नी, वारल्यापासून त्यांच्या घरातून आम्हाला फक्त टीव्हीवरच्या बातम्या ऐकू येतात. सोमवार ते शनिवार हा माणूस कुणाशी बोलत असेल?

मी कॅमेरा काढून ससाण्याचा फोटो त्यांच्यापुढे धरला. "सर, पायांजवळ जरा हललंय का हो?"

काहीही हललं नव्हतं. सरांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला. फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे. पुन्हा फोटोकडे.

"जरा? अरे, पार वाहून गेलंय! गाढवा, पायांकडे बघायचं कोणी?" आवाज इतका चढला की पलीकडच्या बाकावरचे लोक वळून बघू लागले. "नाय, नाय. तुझं काय खरं नाय. रविवारी लवकर ये."

मग निवलेला कप बाजूला सारून त्यांनी दोन गरम चहा सांगितले.