बिगर फवारणीची ओळ

बाभुळगावच्या युसूफभाईंना 'कसे आहात?' असं विचारायची सोय नाही. विचारलं की ते थांबतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि म्हणतात, "कोनाच्या तुलनेत?"

त्यांचं बियाण्यांचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान. कंपनीचा माणूस नवीन औषध घेऊन आला की ते त्याला फैलावर घेतात. "बाजूले बिगर फवारणीची ओळ ठेवलती का? नाही? मंग कपाशी तुह्या औषधानं वाढली का अल्लाच्या मेहेरबानीनं, सबूत काय?" या प्रश्नावर एक विक्रेता जो पळाला, तो थेट मारेगावला जाऊन पाणी प्यायला म्हणतात. म्हणणारा मीच.

कपाशीपुरतं होतं तोवर ठीक होतं. पण त्यांच्या बायकोला, शमीमभाभींना शुगर निघाली, गोळ्या पुरेनात आणि डॉक्टरांनी इन्सुलिनचा विषय काढला. या भाभींनी रानडुकराला नुसतं लाटणं दाखवून कळंबपर्यंत पिटाळलं होतं. पण सुई म्हटली की बाई बाजेखाली. "कुछ भी करा, पर सुई नको!" डॉक्टर म्हणाले, पुढच्या तपासणीपर्यंत बघू. झालं, युसूफभाई मोबाइलवर जगभरचं संशोधन वाचायला बसले.

तिथून त्यांच्या डोक्याचा भुगा सुरू झाला. सकाळी कारल्यानं शुगर उतरायची, दुपारी उतरायची नाही, संध्याकाळी फक्त उंदरांची उतरायची. "मास्तर," ते मला म्हणाले, "येवढे शिकलेले लोक, येवढं लंबंचवडं लिहून राह्यले, आन् शेवटी काय म्हंतेत? अजून संशोधन पाह्यजे! मंग आपुनच करू ना."

आमच्या गल्लीत शुगरवाल्यांचा तोटा नाही. डाव्या हाताच्या घरांना रोज कारल्याचा रस, उजव्या हाताची घरं बिगर फवारणीची. गोळ्या मात्र कोणीच सोडायच्या नाहीत. मीही शुगरवाला, पण उजवीकडचा, म्हणजे कोरडा. रस काढून डबे धाडायचं काम भाभींकडे.

पण शास्त्राला आमची गल्ली कुठे ठाऊक? डबा रिकामा परत करायचा नाही, ही इथली रीत. कारल्याच्या बदल्यात शिरा आला, पुरणपोळी आली, गुलाबजाम आले. युसूफभाई दिवसभर दुकानात, म्हणजे खायला भाभी एकट्या. तिकडे उजवीकडच्या बायका रुसल्या. "त्याइले डबा, आमाले काहून नाही? आमी का परके हाओ?" मग भाभी आम्हालाही गुपचूप रस धाडू लागल्या. आमच्या घरून बदल्यात लाडू गेले.

दोन्ही ओळी फवारल्या गेल्या. कोणाची शुगर कशानं उतरली, उतरली की नाही, हे आजतागायत कोणाला कळलेलं नाही. चढली तेवढी भाभींची. आकडा पाहून म्हणे डॉक्टरांच्या यंत्रालाच घाम फुटला.

युसूफभाई डोकं धरून बसले. "सगळा घोळ झाला मास्तर. आता सुईच. येवढ्या वाचनात एका सुईबद्दलच भांडण नव्हतं." भाभींनी त्यांच्याशी बोलणं टाकलं.

परवा सकाळी त्यांचा डबा परत करायला गेलो, आत मेथीची भाजी घालून. शहाणपण आलं होतं. ओसरीत दोघं खाटेवर बसलेले. भाभींची सुई भरून बाजूला ठेवलेली, आणि युसूफभाई सदरा वर करून दुसरीच एक सुई स्वतःच्या पोटाला लावत होते.

"अरे, तुम्हालाही शुगर?"

"नाही हो. तिची औषधाची ओळ, माही रिकाम्या सुईची, बिगर फवारणीची. आजपासून रोज पहिले मी, मंग ती. तिले एकटीले ओळीत कायले उभं करू?"

आणि टोचली. तोंड असं झालं, जसं गल्लीतलं सगळं कारलं एकदम चावलं.

भाभींनी कित्येक दिवसांनी तोंड उघडलं. "दुखलं का?"

युसूफभाईंनी डोळ्यांतलं पाणी मनगटानं पुसलं. "दुखते म्हनून काही सबूत सापडला नाही."

भाभींनी डोळे गच्च मिटले, त्यांची बाही घट्ट धरली आणि म्हणाल्या, "लाव."