मुनीरमामांची पहिली पंगत

आमच्या कंपनीतल्या शेकडो कॉम्प्युटरांवर पीडीएफचं सॉफ्टवेअर बसवणारे मुनीरमामा स्वतःच्या पीडीएफवर सही करायला माझ्या टेबलाशी यायचे. "उठा जरा, पाव्हणं," म्हणायचं, मला लॉगिन बंद करायला लावायचं, स्वतःचं उघडायचं, सही ठोकायची आणि खुर्ची होती तशी लावून निघून जायचं. गेले कित्येक महिने हे चाललं होतं. मला वाटायचं, मामांना बसल्या जागी करमत नाही.

मामा म्हणजे मुनीर तांबोळी, राहणार न्हावरे. कोरेगाव भीमाजवळच्या आमच्या औषध कंपनीत आयटी खात्यात आहेत. औषधाच्या धंद्यात गोळी परवडली, पण गोळीचे कागद नकोत. ते सगळे कागद आता पीडीएफमध्ये असतात आणि कोणी सही केली, कोणी काय बदललं, याचा जाब परदेशातून आलेले ऑडिटर विचारतात. सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन आलं की हेड ऑफिसला ते एका झटक्यात सगळीकडं हवं असतं. मामांना ते मंजूर नाही. गावात लग्न कोणाच्याही घरचं असो, वाढप्यांचे म्होरके मामाच असतात. तीच रीत त्यांनी कंपनीत आणली.

"आधी पयली पंगत," ते हेड ऑफिसच्या साहेबांना फोनवर ऐकवायचे. "धा मशिनी बसत्याल, कमी-जास्त सांगत्याल, मंग दुसरी. समद्या गावाला एकदम वाढलं आन् भाजीत मीठच न्हाई निघालं, तर कुनाच्या तोंडाकडं बघू?"

पहिल्या पंगतीत पॅकिंगच्या वाघमारेताई हव्याच. कारण ताईंइतकी कुरकुर कंपनीत कोणी करत नाही. बटण हललं, अक्षर बारीक झालं, सही फिकी दिसते. बाकीचे "ठीक आहे" म्हणून मोकळे होतात. एकदा ताईंच्या कुरकुरीमुळंच कळलं, की नव्या व्हर्जनमध्ये छापताना सहीखालची तारीख कापली जाते. ऑडिट तर तोंडावर आलेलं! मामांनी पंगत तिथंच थांबवली, ताईंना चहा पाजला आणि भेटेल त्याला सांगत फिरले, "ताई हाय म्हनून अब्रू हाय."

मग ताई आजारी पडल्या. ऑपरेशन झालं, पुण्याच्या दवाखान्याच्या खेपा सुरू झाल्या, रजा लांबत गेली. त्या परत येतील की नाही, यावर कोणी बोलत नव्हतं. या सॉफ्टवेअरला कॉम्प्युटरमागं एक लायसन्स लागतं; तेवढ्यात हेड ऑफिसचा मेल आला, की जे वापरात नाही ते लायसन्स काढून घ्या. मामा तडक मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये गेले. आत काय झालं ते मी काही विचारलं नाही. ताईंचं गेलं असणार, हे मी धरूनच चाललो होतो.

पुढच्या पंगती झाल्या, पण मामांचं मन लागत नव्हतं. "समदी ठीक हाय म्हनत्यात," ते वैतागून म्हणायचे. "कुरकुर करनारं मानूसच न्हाई राह्यलं."

गेल्या सोमवारी ताई आल्या. वजन उतरलेलं, डोक्याला रुमाल. आम्ही सगळे भोवती जमलो. त्यांनी कॉम्प्युटर चालू केला आणि त्यांचं सॉफ्टवेअर पहिल्यासारखं उघडलं.

"माझं काढलं आसंल, आसं वाटलं हुतं," ताई हळूच म्हणाल्या.

"एक कमी करायचंच होतं," मॅनेजरसाहेब म्हणाले. "मामा म्हणाले, ताईंचं राहू द्या, माझं काढा."

चोरी पकडली गेल्यासारखे मामा खाली बघत राहिले. "पानावरनं मानूस मधीच उठलं, म्हनून काय पान उचलत्यात व्हय?"

ताईंनी पदरानं डोळे पुसले. मग स्क्रीनकडं निरखून बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "ह्ये बटन परत कुठं नेऊन ठिवलं ओ, मामा?"

ऑडिट पास झालं तेव्हासुद्धा मामा इतके खूश झाले नव्हते.

असल्या माणसाबरोबर मी नोकरी करतो, या विचारानं माझा ऊर भरून आला. दुपारी मामा माझ्या टेबलाकडं येताना दिसले. त्यांनी "उठा जरा" म्हणायच्या आत मी लॉगिन बंद करून खुर्ची मोकळी केली होती.