बुडाखालचा शिक्का

माझ्या एका वाक्यामुळे दामूकाका सोनारांनी भांडी उलटी करणं सोडलं. त्या दिवशी मुरुडात कित्येकांनी माझी पाठ थोपटली. ती थाप मला अजून बोचते.

काका घरी येणार म्हटलं की आमची धांदल उडायची, हे खरं. चांदीचा पेला हाती दिला, की तो दुधासकट डोक्यावर धरून ते खालून बूड बघायचे. दुधाचे थेंब नाकावरून मिशीत उतरायचे. मग कनवटीचं भिंग डोळ्याला लागायचं. “माणसाचं तोंड बघावं, भांड्याचं बूड,” हे त्यांचं ब्रीद. बुडाशी चालता सिंह दिसला की म्हणत, “विलायती हाय. अस्सल.” नुसतीच इंग्रजी अक्षरं चौकटींत बसवलेली असली, तर यजमानाच्या कानाशी लागत, “मुलामा. चिंचेनं घासू नका, अब्रू जाईल.” इंग्रजीचं एक अक्षर त्यांना येत नव्हतं, पण निदान कधी चुकलं नाही. देवळातली पळीसुद्धा सुटली नव्हती.

“काका, आधी तीर्थ तरी घ्या,” पुजारी कळवळून म्हणायचा.

“घेतो हो. पळी रिकामी झाल्याबिगर बघू कशी?”

पुढे माझ्या बहिणीचा साखरपुडा झाला. व्याही मुंबईहून आगबोटीने आले, येताना चांदीची गुलाबदाणी घेऊन. काकांनी ती पालथी केली. झाकण सैल होतं. सगळं गुलाबपाणी व्याह्यांच्या पगडीवर. काकांना त्याचा पत्ताच नाही. “अस्सल हाय,” ते म्हणाले, तरी भिंग हलेना. बूड, कड, दांडा, सगळं पुन्हापुन्हा निरखत राहिले.

व्याह्यांच्या कानशिलावरून पाणी ओघळत होतं. मी भडकलो. “अस्सल आहे ना? मग लोकांची बुडं आणखी कशाला हुंगताय?”

मांडव खदखदून हसला. काकांनी भिंग कनवटीला लावलं. “चुकलं, मास्तर,” म्हणाले आणि न जेवता गेले.

त्यानंतर कुठेही पेला मिळाला की ते मुकाट्याने पिऊन खाली ठेवत. अगदी सरळ.

चार महिन्यांनी काकू शाळेच्या दाराशी आल्या. “मास्तर, तुमी तरी सांगा त्यांना. आमच्या वसंतानं सोताचा शिक्का पाडला व्हता, बारकी मासळी. हे म्हणाले, एका दुकानाचा शिक्का एकच. पोरगा रागानं मुंबईला गेला. कागद न्हाय, पत्तर न्हाय. कुठंतरी भांडी घडवत असंल, म्हणून बघायचे हो. आता तेबी बंद.”

त्या संध्याकाळी मी दारोदार फिरलो. चार महिन्यांत मुंबईहून गावात आलेलं चांदीचं एकेक भांडं मागून घेतलं: दोन वाट्या, एक तबक, खोताच्या नव्या सुनेचा करंडा. माझ्यावर भरवसा नसल्याने मालकही मागोमाग आले. बरंच झालं. काकांना टोचून बोललोही मी चारचौघांतच होतो.

काकांच्या ओट्यावर मी सगळी भांडी पालथी मांडली. ते माझ्याकडे बघत राहिले. हात मात्र कनवटीकडे गेला होता.

“काका,” मी म्हणालो, “चुकलं माझं. यांत मासळी आहे का, बघाल?”