सागरदर्शन सोसायटीचं कारंजं

आमच्या सोसायटीची सभा मी एका थर्मासच्या जोरावर जिंकणार होतो. हसू नका! पाटबंधारे खात्यात जन्म गेलाय माझा. पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, हे मला कोणी शिकवू नये.

सोसायटीचं नाव 'सागरदर्शन'. वारज्यात! बिल्डरला कुठल्या गच्चीवरून समुद्र दिसला ते त्याचं त्यालाच ठाऊक. पण त्याने निदान मैलापाणी शुद्ध करायचा प्लांट तरी बांधून दिला होता. आमच्या कमिटीने तो दिवाळीनंतर बंद केला. कारण काय, तर वीजबिल! तेव्हापासून सगळी घाण जशीच्या तशी ओढ्यात, आणि ओढ्यातून मुठेत. प्लांट आमच्या तळमजल्यावरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली. आमच्या सौ., ललिता, यांनी ती खिडकी दिवाळीपासून उघडलेली नाही. फोडणी बंद खोलीत, ठसका बंद खोलीत, आणि त्यापायी मी खाल्लेली बोलणीही बंद खोलीत!

म्हणून बुधवारच्या सभेसाठी मी बेत आखला. प्लांटमधून बाहेर पडणारं काळं पाणी जुन्या थर्मासात भरायचं, झाकण गच्च लावायचं आणि सभेत सगळ्यांच्या नाकाखाली काचेच्या भांड्यात ओतायचं. नाकं झोंबली की डोळे आपोआप उघडतात! दुपारीच थर्मास भरून मी मोरीशेजारच्या फळीवर ठेवला. ललिताला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर थर्मासासकट मीही घराबाहेर गेलो असतो.

संध्याकाळी सभा भरली. गेटवर कारंजं बांधायचा ठराव हां हां म्हणता मंजूर. दगड कुठला, दिवे कुठल्या रंगाचे, सगळ्यावर एकमत! मग प्लांटचा विषय निघाला आणि मंडळींना एकाएकी गरिबी आठवली.

"काका, पर फ्लॅट किती बसतं ते बघा ना," सुदर्शन म्हणाला. हा आयटीवाला, वरच्या मजल्यावर राहतो. "आणि बेनिफिट काय? अख्ख्या सिटीचं ड्रेनेज नदीत जातंय. आपल्या एका बिल्डिंगने काय डिफरन्स पडणार?"

"अरे, ते पुढे समुद्रात जातं!" मी कडाडलो.

"कुठल्या समुद्रात?" आमचे अध्यक्ष रावसाहेब. यांचा आवाज कधी चढत नाही, समोरच्याचा चढतो.

"मुठेतून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि तिथून बंगालच्या उपसागरात!"

"झालं तर. आपण सुट्टीत जातो दिवेआगरला. तो अरबी. आपला समुद्र स्वच्छच आहे, वाघमारेसाहेब. त्यांचा त्यांनी बघावा."

आणि टाळ्या! चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांच्या टाळ्या! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गेटवर पाणी उडवायला यांच्याकडे पैसा आहे, आणि स्वतःची घाण धुवायला नाही?

"हे बघा! हे सोडतो आपण रोज नदीत!" असं गरजून मी थर्मास उपडा केला.

भांड्यात पडलं ते पाणी अगदी नितळ!

मी थर्मासात डोकावलो. भांड्यात डोकावलो. पुन्हा थर्मासात डोकावलो. तोवर दुसऱ्या मजल्यावरच्या मालनबाईंनी पुढे येऊन वास घेतला. "अगंबाई, वास म्हणून नाही!" रावसाहेबांनी तर पेलाभर ओतून तोंडाला लावलं.

"थुंका! रावसाहेब, थुंका!"

"का? गार आहे," असं म्हणून त्यांनी पेला संपवला.

"काका, सुपर!" सुदर्शन उभाच राहिला. "प्लांट ऑफ असताना एवढी प्युरिटी? मग ऑन कशाला करायचा?"

ठराव झाला: प्लांट कायमचा बंद आणि कारंज्याला हेच पाणी! सूचक, श्री. वाघमारे! मी "नाही, नाही" म्हणून ओरडत होतो, आणि मालनबाई म्हणत होत्या, "किती तो विनय!"

घरी आलो तो पाय आपटतच. "ललिता, हा थर्मास!"

"घासून भरून ठेवला जागच्या जागी. उद्या गुरुवार, पाणी बंद. बुधवारी मी घरातलं भांडंन् भांडं भरते, एवढंही ठाऊक नाही? आणि काय हो, सिंहगडच्या सहलीतला चहा अजून तसाच ठेवला होतात त्यात? शी!"

सकाळी उठून रावसाहेबांकडे धावलो. सगळं सांगितलं.

"म्हणजे तुम्ही मला मैलापाणी पाजलंत?"

"नाही हो! ते नळाचं होतं!"

"मग सभेला फसवलंत. दोन्हींपैकी काय ते एक ठरवून या. चहा घेणार नसालच."

पुढे कारंजं तयार झालं. उद्घाटनाला रावसाहेबांनी मुद्दाम गुरुवार निवडला. सगळ्या वारज्यात ठणठणाट आणि आमच्या गेटवर पाण्याची उधळण! बटण दाबायचा मान अर्थातच सूचकाचा. एरवी मी नाही म्हटलं असतं. पण रावसाहेब पांढऱ्याशुभ्र सफारीत कारंज्याला अगदी खेटून उभे होते. सुदर्शन फोटो काढायला पुढे वाकला होता. म्हटलं, प्या आता! आणि खच्चून बटण दाबलं. रागाच्या भरात एवढंच विसरलो, की कारंजं चारही बाजूंना उडतं!

त्यानंतरची सभा तिथेच, उभ्या उभ्या, ओल्या कपड्यांत झाली. प्लांट आजच्या आज चालू! खर्चाचा ब्र कोणी काढला नाही. सुदर्शनने डिफरन्स विचारला नाही. रावसाहेबांचा आवाज मात्र जन्मात पहिल्यांदा चढला. बंगालचा उपसागर लांब होता हो, कारंजं गेटवर होतं!

बातमी ऐकून ललिताने स्वयंपाकघराची खिडकी उघडली. मी विजयी वीरासारखा खाली उभा होतो. तिने मला पाहिलं आणि खिडकी लावून घेतली.

"आधी आंघोळ करा!" आतून आवाज आला.

बाहेरचा नळ सोडला. तो खाकरला आणि गप्प बसला. गुरुवार!

"अहो, निदान एक बादली तरी द्या!"

"बाकीचं स्वयंपाकाचं आहे," असं म्हणत दार किलकिलं करून ललिताने हात बाहेर काढला. हातात तोच थर्मास.

"जपून वापरा."