मॅनसाहेबांचे भाटकर

भाटकरांना कुणी ‘कसे आहात काका?’ असं विचारलं, तर ते ‘बरा आहे’ म्हणत नसत. आधी नाव सांगत, मग काम, आणि शेवटी दोष. “भाटकर. आवक-जावक बघतो. दोष : डाव्या कानाने कमी ऐकू येतं.” नवीन माणूस गांगरून जाई. आम्ही सवयीने उजव्या कानाकडून बोलायचो.

रत्नागिरीच्या बाहेर आंब्याचा रस डब्यांत भरणारा एक कारखाना होता. भाटकर आणि मी तिथे कारकून. ऐंशीचं दशक संपायला आलं होतं, तेव्हा कारखान्यात मुंबईहून एक कॉम्प्युटर आला. एक मोठी पेटी, दोन पडदे आणि दिवसभर करकरणारा प्रिंटर. त्याला ऊन सोसत नाही म्हणून त्याच्या खोलीला एसी बसवला. भर मे महिना होता. हे यंत्र कोण सांभाळणार, असं साहेबांनी विचारल्यावर मी हात वर केला आणि कोल्हापूरला कॉम्प्युटरचा कोर्स केलाय म्हणून ठोकून दिलं. कोर्सला मी गेलो होतो, हे खरं. तीन दिवस. चौथ्या दिवशी कांजिण्या आल्या.

मुंबईचा इंजिनियर दोन दिवस शिकवून परत निघाला. एसटीत चढताना मला म्हणाला, “काही अडलं तर मॅन वापरा.” मॅन म्हणजे माणूस, एवढं इंग्रजी मला येत होतं. त्यामुळे अडलं की मी मुंबईला ट्रंककॉल लावायचो आणि माणूस पाठवा म्हणायचो. असं आठ वेळा झालं. नवव्या वेळी भाटकर शेजारी उभे होते. त्यांनी फोन माझ्या हातातून काढून हळूच खाली ठेवला.

“सुर्वे, तो माणूस नव्हे. मॅन्युअलमधला मॅन. मॅन लिहायचं, पुढे हव्या त्या हुकमाचं, म्हणजे कमांडचं, नाव लिहायचं. त्याची सगळी माहिती पडद्यावर येते.”

“तुम्हाला कसं ठाऊक?”

“मी मॅनलाच विचारलं. ‘मॅन मॅन’ असं लिहिलं. त्याने स्वतःची माहिती दिलीन.”

भाटकरांनी बावीस वर्षं मालवाहू बोटीच्या इंजिनरूममध्ये काढली होती. तिथे प्रत्येक यंत्राचं एक जाडजूड पुस्तक असायचं आणि ते वाचल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही, अशी शिस्त. त्यांचं इंग्रजी त्या पुस्तकांतून आलेलं. ‘प्लीज’ त्यांना कधी जमलं नाही, पण ‘व्हॉल्व्ह’चा उच्चार अस्सल.

त्या दिवसापासून ते दुपारी एसीच्या खोलीत येत आणि एका हुकमाची माहिती छापून नेत. मॅनला ते मॅनसाहेब म्हणायचे. प्रत्येक हुकमाचं टिपण एकाच चालीचं असे. आधी नाव, मग वापरायचं कसं, मग खुलासा, आणि तळाशी त्या हुकमातले दोष. या शेवटच्या भागावर भाटकर लुब्ध होते.

“स्वतःच्या चुका ह्याने स्वतः छापल्यात, सुर्वे,” ते कागदावर बोट ठेवून म्हणत. “आमच्या कप्तानाने बावीस वर्षांत एक कबूल केली नाही.”

मग हीच पद्धत ते सगळीकडे लावू लागले. कॅन्टीनमधल्या उसळीचे दोष, नव्या टेबलाचे दोष. मी पालीला मुलगी बघायला निघालो, तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाले, “आपले दोष आपणच आधी सांगायचे. समोरच्याचा विश्वास बसतो.” मी सांगितले. घोरतो म्हणालो, डोक्याचे केस झपाट्याने जाताहेत म्हणालो. मुलीच्या वडिलांनी पोहे यायच्या आतच आम्हाला परतीच्या एसटीची वेळ सांगितली. कोर्सबद्दल मी तिथेही बोललो नव्हतो, तरी ही गत.

पुढे पुढे लोक अडचण आली की मला सोडून भाटकरांकडे जाऊ लागले. मला ते झोंबलं. मी साहेबांना एक निनावी चिठ्ठी टाइप करून पाठवली की प्रिंटरचा कागद खाजगी वाचनासाठी वाया जातो आहे. दुसऱ्या दिवशी फलकावर नोटीस लागली. भाटकरांनी ती वाचली, “बरं” म्हणाले आणि दुपारी एक वही घेऊन आले. जेवणाचा डबा बाजूला ठेवून ते पडद्यावरचा मजकूर पेन्सिलीने वहीत उतरवायला लागले. मग रोजच तसं. मी इतरांना खुणेने ते दाखवून हसायचो.

हंगामाच्या शेवटी एक मोठा माल परदेशी जायचा होता. कुठल्या डब्यात कुठल्या दिवशीचा रस, याची यादी यंत्रात होती. आदल्या दिवशी मी जुन्या फाइली पुसायला बसलो. हुकूम लिहिताना मधे एक मोकळी जागा जास्त पडली आणि यंत्राने त्याचा अर्थ ‘सगळंच पुसा’ असा घेतला. जुन्या फाइलींसोबत नव्याही गेल्या. यंत्राने मला काही विचारलं नाही, आवाज केला नाही, नुसतं पुढच्या हुकमाची वाट बघत बसलं. 

भाटकर आले. पडद्याकडे बघून म्हणाले, “हा हुकूम पुसण्याआधी विचारत नाही, असं मॅनसाहेबांनी लिहिलंय. तुम्ही वाचलं नाहीत.” मग खिशातून एक टेपची कॅसेट काढली. “टार नावाचा हुकूम आहे. बोटीवर टार म्हणजे डांबर. इथे त्याने फाइली फितीवर चिकटवतात. मी रोज जाताना चिकटवतो.” तासाभरात यादी परत आली.

यादी मीच परत आणली असं समजून साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. भाटकर कोपऱ्यात पाकिटांना तिकिटं लावत होते. मी मान खाली घालून उभा राहिलो. लोकांना तो विनय वाटला.

शनिवारी संध्याकाळी बिस्किटांचा पुडा घेऊन मी भाट्याला त्यांच्या घरी गेलो. भाटकर पडवीत वही उघडून बसले होते. समोर काकू कोकमासाठी रतांबे फोडून सालं आणि बिया वेगळ्या करत होत्या. भाटकरांनी मला हातानेच बसायला सांगितलं आणि वाचन चालू ठेवलं. इंग्रजी ओळ वाचायची, मग मराठीत समजवायची. नावं क्रमाने लावायचा हुकूम होता.

“आणि दोन नावं सारखीच असली तर?” काकूंनी विचारलं.

“आता हा प्रश्न बघा, सुर्वे,” भाटकर खुलून म्हणाले आणि पान उलटलं.

ते संपल्यावर मी म्हणालो, “काका, ती प्रिंटरच्या कागदाबद्दलची चिठ्ठी मीच लिहिली होती.”

“ठाऊक आहे. तुमच्या टाइपरायटरचा ‘ळ’ वर उडतो.”

“सोमवारी मी साहेबांना फितीचं सगळं सांगणार आहे.”

मी खरंच सांगितलं. कोर्सचंही सांगितलं. एसीची खोली भाटकरांना मिळाली आणि पाकिटांना तिकिटं लावायचं काम माझ्याकडे आलं. पण त्या संध्याकाळी भाटकर एवढंच म्हणाले, “फितीचं डोकं हिचं. एके दिवशी विचारलंन, हे सगळं गेलं तर काय करणार?” आणि चहा टाकायला आत गेले.

काकूंनी हात पुसले आणि आवाज खाली आणला. “मला त्यातलं एक अक्षर कळत नाही हो. बावीस वर्षं ते बोटीवर. वर्षाकाठी महिनाभर घरी. कायमचे आले तेव्हा आम्ही दोघं इथे समोरासमोर बसायचो, आणि बोलायचं काय ते सुचायचं नाही. आता हे वाचतात. मधेच काही विचारलं की वायच जास्त बोलतात. त्यांना सांगू नका हा.”

चहा झाल्यावर भाटकर मला बेड्यापर्यंत, अंगणाच्या फाटकापर्यंत, पोचवायला आले. मागे एकदा वळून बघितलं आणि माझ्याजवळ सरकले.

“मला तसा कंटाळा आलाय, सुर्वे. तेच तेच असतं. पण हिला भारी आवड लागली आहे. संध्याकाळी वाट बघत बसते, मग नाही कसं म्हणणार?”

मी त्यांच्या उजव्या बाजूला गेलो आणि म्हणालो, “खरं आहे, काका. आवड दिसतेच त्यांना.”