सुकाच्या नावाचं पाणी

तुरुंगात नवा कैदी आला की दगडूआबा त्याला नाव, गाव, जात यातलं काहीएक विचारायचा नाही. एकच विचारायचा, "काय करं?" उत्तर मनासारखं आलं नाही, तर कारल्याची भाजी पानात पडल्यासारखं त्याचं तोंड व्हायचं.

मी म्हणालो, "गवत कापलं."

"कोन्हं?"

"सरकारचं. रावेरकडच्या जंगलातलं."

"आन मानूस?"

"माणूस नाही. नुसतं गवत."

आबाने कपाळाला हात लावला आणि दारातल्या शिपायाला म्हणाला, "आते गवत कापनारा बी आठे येवाले लागनात. जेलनी काही इज्जतच नही ऱ्हायनी."

ते कायदेभंगाचे दिवस होते. मी एरंडोलला मास्तर होतो. सहा महिन्यांची शिक्षा घेऊन धुळ्याकडच्या एका तुरुंगात दाखल झालो, तेव्हा आपण देशासाठी मोठं काहीतरी केलं आहे अशी माझी समजूत होती. ती या माणसाने पहिल्या पाच मिनिटांत उतरवली. आबा स्वतः जन्मठेपेचा कैदी. तेरा वर्षं नीट वागला म्हणून त्याला आमच्या बराकीचा मुकादम केलेला, म्हणजे कैद्यांवर देखरेख करणारा कैदी. मूळचा पारोळ्याकडचा शेतकरी. त्याला जेलरसुद्धा आबाच म्हणायचा.

आबाला एकच वेड होतं, रीतीचं. "बठ्ठाले रीत ऱ्हास, गुरजी," हे तो दिवसातून वीस वेळा म्हणे. घोंगडीची घडी घालायची रीत. चक्कीवर बसायची रीत. भाकरीत खडे असत, तर ते खायचीही रीत. घास चावायचा नाही, जिभेने टाळूवर दाबायचा, खडा लागला की डावीकडे थुंकायचा. उजवीकडे थुंकलं तर आबा सासूसारखा बघत राही.

एकदा खराब डाळीच्या निषेधार्थ आम्ही सत्याग्रहींनी दिवसभर उपास करायचं ठरवलं. आबाला ते फार आवडलं. दुपारी तो आला आणि त्याने प्रत्येकापुढे मूठमूठ भाजलेल्या शेंगा ठेवल्या. त्या त्याने कुठून पैदा केल्या देव जाणे. आम्ही खात नाही म्हटल्यावर तो चक्रावलाच. "कसा उपास शे हाऊ? फराळ नही?" आम्ही त्याला निषेध म्हणजे काय ते समजावलं. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "पन एकादशी तं परवा शे." आमच्यातल्या दोघांनी तोंड फिरवून शेंगा खाल्ल्या, हे आज सांगायला हरकत नाही.

रविवारी तोच आमची हजामत करी. पहिल्या रविवारी माझ्या गळ्यावर वस्तरा टेकवून, गाईचा भाव सांगावा इतक्या सहज तो म्हणाला, "मी बी एकजनले मारी टाकेल शे. हालू नका, गुरजी, लागी जाई." मी हाललो नाही. श्वासही घेतला नाही म्हणा ना. मनात मात्र देशभक्ती सोडून बाकी सगळं येऊन गेलं.

पुढे त्याची पत्रं मी वाचून दाखवू लागलो. चैत्रात त्याच्या घरून पत्र आलं. मुलीचं लग्न ज्येष्ठात ठरलं होतं. आबा आत गेला तेव्हा ती दोन वर्षांची होती. चांगल्या वागणुकीबद्दल शिक्षेत मिळालेली माफी धरून आबा आखाजीनंतर पंधरा दिवसांनी सुटणार होता, म्हणजे कन्यादानाला वेळेवर पोचणार होता. ते पत्र त्याने माझ्याकडून अकरा वेळा वाचून घेतलं. लग्न बापानेच लावून द्यायचं असा पोरीचा हट्ट होता. त्या ओळीवर तो दर वेळी म्हणे, "हाई परत वाचा."

आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया. आम्हा खानदेशी लोकांना तिच्यापुढे दिवाळी फिकी. त्या दिवशी घरातल्या मेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरायची. ज्याच्या घरची घागर, त्याच्या माणसाची तहान भागते, असं आमच्याकडे सगळे मानतात. पण बराकीत मातीचं भांडं ठेवायला सक्त मनाई होती. खापरीने कोणी कोणाचा गळा चिरील अशी तुरुंगाच्या बड्या साहेबाला भीती. माझा गळा दर रविवारी वस्तऱ्याखाली असे, त्याची भीती कोणालाच नव्हती.

आखाजीच्या सकाळी उठून पाहतो, तर बराकीच्या कोपऱ्यात मूठभर ज्वारीवर एक छोटी लाल घागर, तोंडावर कैरी. आबा तिच्यापुढे हात जोडून बसलेला.

"वडलांची का, आबा?"

"बापनी घागर भाऊ भरस घर. ही सुकानी शे."

"सुका कोण?"

"ज्याले मी मारं तो."

मला पहिल्यांदा काही कळलंच नाही. कळलं तेव्हा मी त्याच्याशेजारी खाली बसलो. खून केलेले लोक पश्चात्ताप करतात, रडतात, देवदेव करतात, हे मी ऐकलं होतं. हा माणूस आपण मारलेल्याला पाणी पाजत होता.

सुका त्याचा लहानपणचा जोडीदार. ना आई ना बाप, आबाच्याच घरी वाढलेला. आखाजीला आमच्याकडे गडीमाणसं पत्ते कुटतात. त्या वर्षी खेळात एका पत्त्यावरून दोघांची जुंपली आणि आबाच्या हाती कुऱ्हाड लागली. हकिगत एवढीच. एका पत्त्यासाठी.

"तेले दुसरं कोनी नही," आबा म्हणाला. "एक मी व्हतू, आन मीच मारी टाकं. मी नही भरसू तं कोन भरी?"

तेरा वर्षं त्याने दर आखाजीला हे केलं होतं आणि झडतीच्या आत घागर तुरुंगाच्या बागेत, ज्या झाडाच्या आळ्यातून आणली तिथेच, परत नेऊन ठेवली होती. या वर्षी साहेब तासभर आधी आला.

आम्ही रांगेत उभे राहिलो. साहेबाने छडीने घागरीकडे दाखवून विचारलं, "किसका है?"

माझ्या डोळ्यांपुढे ते पत्र आलं. घागर आबाची ठरली तर माफी कापली जाणार, आणि तिकडे अंतरपाट धरल्यावर पोर बापाची वाट बघत राहणार. मी सत्याग्रही. पोलिसाशीसुद्धा खोटं बोलायचं नाही अशी शपथ घेतलेला. मी एक पाऊल पुढे झालो आणि म्हणालो, "मेरा."

साहेबाने मला आठ दिवस कोठडी सांगितली. मला तर भलतंच हलकं वाटलं. तेवढ्यात मागून आवाज आला, "नही, साहेब. गुरजी खोटं बोली ऱ्हायनात. घागर मन्ही शे. बागमाईन मी चोरी."

मी गप्प राहण्याच्या खुणा केल्या, हात दाबला, पण तो ऐकेना. कुठल्या आळ्यातून उचलली तेही त्याने सांगून टाकलं. साहेबाने माझी कोठडी रद्द केली, त्याची दोन महिन्यांची माफी कापली आणि घागर फोडायचा हुकूम केला. आबाने हात जोडून एवढंच मागितलं, की आधी पाणी ओतू द्या. साहेबाला काय वाटलं कोण जाणे, तो थांबला. आबाने दारातल्या कडुनिंबाच्या मुळाशी सावकाश पाणी ओतलं, सुकाचं नाव घेतलं आणि रिकामी घागर शिपायाच्या हातात दिली.

साहेब गेल्यावर माझा संताप अनावर झाला. "आबा, पोरीचं लग्न आहे! मी म्हणालो होतो ना माझी? कशाला तोंड उघडलंत?"

तो माझ्याहून जास्त चिडलेला होता. "तुमी घागर आपली म्हनी टाकी. मंग पानी तुमना बापले गयं ना. सुकानी काय पेवानं?"

"माझे वडील जिवंत आहेत, आबा."

"मंग तं आखो वाईट," तो म्हणाला. "पानी कोनलेच नही पोचतं. सुका आखो वरीसभर तहान्या बसी ऱ्हाता."

मी आयुष्यात पहिल्यांदा ठरवून खोटं बोललो होतो आणि ते या खुन्याला चाललं नव्हतं.

दुपारी तो माझ्यापाशी येऊन बसला. तटापलीकडे पोरींची झोक्यावरची गाणी चालली होती. त्याने घरचं पत्र माझ्यापुढे ठेवलं. मग म्हणाला, "लिखा, गुरजी. लगीन थांबाडू नका. बापना येवाना जोग नही." त्याचे डोळे भरले होते आणि ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं. "तिले खांदावर लईसन सुकाच फिरे. तिले याद नही व्हई."

मी लिहिलं. शेवटी विचारलं, "आशीर्वाद तुमचा ना?"

"दोन्हीसना. पयलं सुकानं नाव लिखा."

माझा टाक थांबला.

"तो मन्हापेक्षा दोन वरीस मोठा व्हता," आबा म्हणाला. "मोठानं नाव पयलं लिखतस."

मी आधी सुकाचं नाव लिहिलं, आणि त्याच्याखाली त्याचं.