लिपोवोत थंडी नाही

पेशंटच्या आजाराइतक्याच त्याच्या सामाजिक गरजाही महत्त्वाच्या असतात, हे नोव्हेंबरात सरकारच्या ध्यानात आले. त्यानुसार आमच्या लिपोवोच्या दवाखान्यात डॉक्टर वुकाशिन नाडीआधी घरची विचारपूस करू लागले. कुणी नुसते 'अडचण आहे' म्हटले, की जिल्ह्याहून मदत येणार होती.

पहिला नंबर देसांकाआजींचा. त्या रोज गुडघा दाखवायला येत आणि दवाखान्याच्या शेगडीजवळच्या बाकावर दुपारपर्यंत बसत. त्यांच्या घरची लाकडे संपत आली आहेत, हे डॉक्टर सोडून साऱ्या गावाला ठाऊक होते. मी त्याच बाकावर दुखरी कंबर घेऊन बसलो होतो.

"आजी, घरात ऊब असते ना?"

"भट्टी आहे नुसती. खिडकी उघडी टाकून निजते."

"मग एकावर एक इतके स्वेटर?"

"कपाटात जागा नाही."

"बरं, खायला पुरेसं असतं?"

आजींचा चेहरा पडला. "भूक लागलीय होय रे लेका? आधी नाही का सांगायचं?"

आमच्याकडे जेवणाची चौकशी करतो तो भुकेलाच असतो. आठवडाभरात डॉक्टरांच्या टेबलावर भाजक्या मिरचीच्या बरण्या आणि आंबवलेला कोबी इतका साचला, की रक्तदाबाचे यंत्र खिडकीत गेले. उत्तरे मात्र सगळ्यांची आजींसारखीच. चारचौघांत स्वतःची अब्रू कोण काढणार?

अहवाल गेला: लिपोवोत गरजा शून्य. जिल्हा कृतार्थ झाला. ज्या गावात कुणालाच थंडी वाजत नाही, तिथल्या दवाखान्याला तरी लाकडे कशाला, असा रास्त विचार होऊन पुरवठा बंद झाला.

शेगडी विझली. डॉक्टर ओव्हरकोटात तपासू लागले. आजींची उबेची एकुलती एक जागा गेली याचे मला फार वाईट वाटले, पण आजी कळवळल्या त्या डॉक्टरांसाठी. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरची उरलीसुरली लाकडे ढकलगाडीवर घालून आणली.

"आणि तुम्हाला हो, आजी?" डॉक्टरांनी विचारले.

"मला काय धाड भरलीय?"

शेगडी पेटली आणि तेवढ्यात जिल्ह्याच्या साहेबांचा फोन आला. लाकडांवाचून काही अडचण? डॉक्टर एक शब्द बोलते, तर दवाखान्याला आणि आजींनाही गाडीभर लाकूड मिळाले असते. बाकावरचे सगळे कान टवकारून ऐकत होते.

"छे हो, साहेब. झकास चाललंय."

"आता शोभतोस आमच्या गावचा," आजी म्हणाल्या.

आम्हाला हसताय, हसा. बाकी तुमचं कसं काय? मजेत ना? वाटलंच मला.